एकट्या ॲरिस्टॉटलची पुस्तकं आता पुरे : बालपुस्तकांच्या लेखक-प्रकाशकांना खुलं पत्र

मुलांसाठी चरित्रं लिहिणाऱ्या, त्यांत चित्रं काढणाऱ्या आणि ती छापणाऱ्या सगळ्या मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

एक तक्रार आहे आणि एक मागणी. आधी तक्रार.

तुम्ही प्राचीन ग्रीसवर जी पुस्तकं काढता, त्यांतला तत्त्वज्ञ कायम एकटा असतो. डायोजेनिस एकटा रांजणात बसून अलेक्झांडरला 'ऊन अडवू नकोस' म्हणतो. आर्किमिडीज एकटाच न्हाणीघरातून ओरडत रस्त्यावर येतो. सॉक्रेटिस एकटा विषाचा प्याला तोंडाला लावतो. प्लेटोच्या लिखाणात त्या दिवशी कोठडीत जमलेल्या मित्रांची नावानिशी यादी आहे, पण चित्रकाराला गर्दी काढायचा कंटाळा येत असावा. ॲरिस्टॉटलची तर फारच वाईट गत. पांढरी दाढी, हातात गुंडाळी, नजर आभाळात आणि खाली चौकटीत 'तर्कशास्त्राचा जनक, जीवशास्त्राचा जनक, राज्यशास्त्राचा जनक'. एवढ्या शास्त्रांचा बाप झालेल्या माणसाकडे मुलं लांबूनच बघतात आणि पान उलटतात.

मी आमच्या भागातल्या वाचनालयात रविवारी सकाळी मुलांबरोबर वाचायला बसते. पाचवी ते आठवीतली मुलं असतात. असंच एक पुस्तक वाचून झाल्यावर एकीने विचारलं, "ताई, याला मित्र नव्हते का?" तुमच्या त्या बत्तीस पानांत उत्तर नव्हतं. पण मित्र होते, आणि भरपूर होते. त्यांच्याशिवाय त्याचं निम्मं काम झालंच नसतं. ते सगळं तुमच्या पुस्तकांत का येत नाही, हे विचारायला हे पत्र.

इ.स.पू. ३४७ मध्ये प्लेटो वारला तेव्हा ॲरिस्टॉटल सदतीस वर्षांचा होता. वीस वर्षं त्याने प्लेटोच्या अकादमीत काढली होती. तो अथेन्स सोडून समुद्रापलीकडे, आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर असॉस नावाच्या गावी गेला आणि तिथून समोरच्या लेस्बॉस बेटावर. या बेटावरच्या एरेसोस गावचा थिओफ्रास्टस हा त्याचा मित्र, वयाने बारा-तेरा वर्षांनी लहान. बेटाच्या पोटात शिरलेली एक मोठी उथळ खाडी आहे, आज तिला कालोनीची खाडी म्हणतात. त्या काळी तिच्या काठी पिरा नावाचं गाव होतं. ॲरिस्टॉटलच्या प्राण्यांवरच्या ग्रंथात या पिराच्या खाडीचं नाव पुन्हा पुन्हा येतं. तिथे कोणते मासे आहेत, कोणते नाहीत, कालवं कधी भरतात, शिंपले कसे एकदा नाहीसेच झाले. कारणही दिलं आहे : थोडा दुष्काळ आणि थोडी माणसांनी तळ खरवडून केलेली लूट.

हे सगळं त्याला घरात बसून समजलेलं नाही. कोळ्यांच्या जाळ्यात काय आलं ते बघायचं, त्यांना विचारायचं, मधमाश्या पाळणाऱ्यांना विचारायचं, गुराख्यांना, शिकाऱ्यांना विचारायचं. ग्रंथात जागोजागी 'कोळी असं सांगतात' असं येतं. कधी तो त्यांचं मानतो, कधी त्यांना खोडून काढतो. एके ठिकाणी म्हणतो की माशांच्या जन्माबद्दल कोळी चुकीचं सांगतात, कारण त्यांतला कुणी केवळ समजून घ्यायचं म्हणून बघत बसत नाही. थोडा शिष्टपणा आहेच, पण गड्याने त्यांचं म्हणणं ऐकून, लिहून घेऊन मग वाद घातला आहे.

माझ्या मुलांना सगळ्यात आवडलेली गोष्ट एका माशाची आहे. ग्रीसमधल्या आखेलोस नदीत शिंगाड्याच्या (कॅटफिशच्या) जातीचा एक मासा असतो. मादी अंडी घालून निघून जाते. नर चाळीस-पन्नास दिवस त्या अंड्यांवर पहारा देतो. बारके मासे खायला आले की त्यांच्या अंगावर जातो आणि आवाज काढतो. त्या आवाजावरून कोळ्यांना त्याची जागा कळते. पुढे युरोपातल्या पंडितांना ही थाप वाटली, कारण त्यांच्याकडच्या नद्यांतला शिंगाड्याचा भाऊबंद असं काही करत नव्हता. एकोणिसाव्या शतकात लुई अगासी या शास्त्रज्ञाने त्या नदीतले मासे मागवून पाहिले. जात निराळी निघाली आणि जुनं वर्णन खरं ठरलं. त्या माशाच्या शास्त्रीय नावात आज ॲरिस्टॉटलचं नाव आहे.

आमच्या गटात कोळीवाड्यातला एक मुलगा येतो. एरवी तो बोलत नाही. हे वाचून झाल्यावर त्याने एवढंच म्हटलं, "मग नाव कोळ्यांचं द्यायला पाहिजे होतं." यावर पुढचा अर्धा तास भांडण झालं. पाहणाऱ्याचं नाव द्यायचं, सांगणाऱ्याचं द्यायचं की लिहून ठेवणाऱ्याचं? तुमच्या एखाद्या पुस्तकावर मुलं अशी भांडली आहेत का? मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

प्राणी ॲरिस्टॉटलने घेतले, झाडं थिओफ्रास्टसने. दोघांचे ग्रंथ शेजारी ठेवले की कामाची वाटणी सरळ दिसते. झाडांवरच्या ग्रंथाकडे मी पुढे येणारच आहे, कारण त्यात आपला वड आहे. तुमच्या पुस्तकांत मात्र थिओफ्रास्टसचं नाव एकदाही आलेलं मी पाहिलेलं नाही.

मधली काही वर्षं अलेक्झांडरची. त्याबद्दल तुम्ही इतकं छापलं आहे की मी थांबत नाही. तेरा वर्षांचा राजपुत्र एकटाच गुरूसमोर हात जोडून बसलेला असतो, त्याबद्दल फक्त एक सांगते. ही शिकवणी मॅसेडोनियातल्या मिएझा गावाबाहेर झाली. चारशेहून अधिक वर्षांनी प्लुटार्क हा चरित्रकार लिहितो की तिथली दगडी आसनं आणि सावलीच्या वाटा लोक अजून दाखवतात. वाटा, म्हणजे चालण्यासाठी! तेव्हा निदान या दोघांना उभं तरी करा.

इ.स.पू. ३३५ मध्ये ॲरिस्टॉटल अथेन्सला परतला आणि लायसियममध्ये शिकवू लागला. तुमच्या चित्रांत इथे संगमरवरी खांबांचा मोठा दिवाणखाना येतो. ॲरिस्टॉटलचा असा दिवाणखाना असणं शक्यच नव्हतं. तो उत्तरेकडच्या स्तागिरा गावचा, अथेन्समध्ये परका. परक्याला तिथे जमीन किंवा घर विकत घेता येत नसे. लायसियम ही शहराच्या तटाबाहेर पूर्वेला असलेली अपोलो देवाची राई. तिथे सार्वजनिक आखाडा होता, पोरं अंगाला तेल चोपडून कुस्ती खेळत, सैन्याची कवायतही होई. अशा गजबजलेल्या, सगळ्यांच्या जागेत सावलीच्या वाटेवर ही मंडळी जमत. १९९६ मध्ये अथेन्सच्या मध्यावर एका संग्रहालयासाठी खोदकाम चालू असताना या आखाड्याचे अवशेष सापडले आणि २०१४ पासून ती जागा लोकांना बघता येते. चित्रकार मंडळींनी त्याचे फोटो जरूर बघावेत. पायाच्या भिंती आहेत, खोल्यांचे चौकोन आहेत आणि मधे मोकळं अंगण. शेजारच्या मैदानात कुस्ती चालली आहे आणि इकडे तत्त्वज्ञान, असं चित्र कुणी का काढत नाही?

एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर कुणीतरी मला पकडेल. लायसियम ही लहान मुलांची शाळा नव्हती. तिथे तरुण आणि मोठी माणसं येत. बाकं नव्हती, घंटा नव्हती, परीक्षा तर नव्हतीच. रोमन लेखक ऑलस गेलियस सांगतो की सकाळी अवघड विषय चालत, तयारीच्या मंडळींसाठी, आणि संध्याकाळी कुणीही येऊन ऐकावं असं बोलणं होई. डायोजेनिस लेर्शियस हा चरित्रकार (रांजणातला तो वेगळा) आणखी एक नोंद करतो. लायसियममध्ये दर दहा दिवसांनी नवा प्रमुख नेमायचा नियम होता. हे वाचल्यावर आमच्या मुलांनी मला पुढे वाचू दिलं नाही. शाळेत मॉनिटर वर्षभर एकच असतो, आणि तो कसा निवडला जातो याबद्दल त्यांना बरंच बोलायचं होतं. ते इथे लिहीत नाही, त्यांच्या बाईंनाही वाचता येतं.

आज आपल्याकडे ॲरिस्टॉटलचे म्हणून जे ग्रंथ आहेत ते बहुतेक शिकवण्याची टिपणं आहेत. त्यामुळे वर्गातली माणसं त्यांत डोकावतात. त्याचा कोरिस्कस नावाचा एक मित्र होता. उदाहरण द्यायचं झालं की ॲरिस्टॉटल हटकून त्यालाच पकडतो. लायसियममधला कोरिस्कस आणि बाजारातला कोरिस्कस हे दोन वेगळे की एकच, असा एक प्रश्न काळावर बोलताना येतो. प्रश्न अवघड आहे, पण मुलांना तो लगेच समजतो, कारण घरातला मी आणि शाळेतला मी यांचा त्यांना रोजचा अनुभव आहे. आणि मित्राला पुढे करून त्याचं उदाहरण बनवणं तर मास्तर लोकांचा आवडता धंदा.

या टिपणांत मधूनच 'आकृती पाहा' असं येतं. प्राण्यांच्या शरीराच्या आतल्या भागांच्या आकृत्यांचं वेगळं पुस्तक होतं. एका ठिकाणी तर क, ख, ग अशी अक्षरं देऊन कोणती नळी कुठून कुठे जाते ते समजावलं आहे. ते आकृत्यांचं पुस्तक हरवलं. मजकूर उरला, चित्र गेलं. तुमच्यासारख्यांनी या जागेवर तुटून पडायला हवं! मजकूर छापा, शेजारी अर्धं पान कोरं सोडा आणि मुलांना सांगा की चौघांनी मिळून वाचा आणि ती हरवलेली आकृती काढा.

एकट्याच्या आवाक्याबाहेरची कामं तिथे किती चालली होती, याची एकच गोष्ट सांगते. ग्रीसमधल्या वेगवेगळ्या नगरांचा कारभार कसा चालतो, याच्या माहितीचे १५८ वृत्तांत या मंडळींनी जमा केले. अधिकारी कोण नेमतं, न्याय कोण देतं, पूर्वी काय होतं आणि ते का बदललं, असं सगळं. त्यांतला फक्त अथेन्सचा वृत्तांत जवळजवळ पूर्ण सापडला, तोही इजिप्तमधल्या पपायरसवर. १८९१ मध्ये तो छापून आला. बाकीच्यांचे तुकडे. याशिवाय त्याच्या शिष्यांपैकी युडेमसने भूमितीचा आणि खगोलशास्त्राचा इतिहास लिहिला, मेनोने वैद्यकाचा, ॲरिस्टॉक्सेनसने संगीतावर लिहिलं. डेल्फीच्या खेळांतल्या विजेत्यांची यादी ॲरिस्टॉटल आणि कॅलिस्थेनिस यांनी मिळून केली, म्हणून डेल्फीकरांनी दोघांचा सत्कार करून तसं दगडात कोरून ठेवलं. दोन नावं, एकाच दगडावर. आपल्याकडे प्रकल्पाच्या वहीवर एकच नाव असतं आणि काम बहुतेक वेळा आईचं.

आता वड.

इ.स.पू. ३२६ मध्ये अलेक्झांडरचं सैन्य पंजाबात होतं. सैन्याबरोबर गेलेल्यांनी पाहिलेल्या गोष्टींच्या हकिगती हळूहळू ग्रीसला पोचल्या. थिओफ्रास्टस भारतात कधीच आला नाही. पण त्याच्या झाडांवरच्या ग्रंथात वडाचं वर्णन आहे. आकेसिनेस म्हणजे आपल्या चिनाब नदीच्या भागात अंजिराच्या जातीचं एक झाड आहे. ते फांद्यांवरून मुळं खाली सोडतं. ही मुळं नव्या फुटीवरून येत नाहीत, जुन्या फांद्यांवरून येतात. ती जमिनीला लागली की झाडाभोवती कुंपण तयार होतं, तंबूच्या आकाराचं, आणि लोक त्याच्या आत येऊन बसतात. फळ अगदी लहान, हरभऱ्याएवढं. आणि पान? पान ढालीएवढं.

इथे आमच्या गटात हशा पिकला. वाचनालयाच्या मागेच वड आहे. दोघं धावत गेली आणि पान घेऊन आली, तळहाताएवढंच. मग वाद सुरू झाला की एवढा हुशार माणूस अशी चूक कशी करेल. एकीचं म्हणणं, ढालीच बारक्या असतील. दुसऱ्याचं म्हणणं, कुणीतरी सैनिकाने घरी गेल्यावर फुगवून सांगितलं. सातवीतल्या एकाने विचारलं की केळीचं पान आणि वडाचं पान यांची सांगताना गल्लत झाली असेल का. मोठे अभ्यासकही जवळपास याच शक्यता चघळतात. मुद्दा असा की पारंब्यांचं वर्णन किती बारकाईचं आहे ते मुलांना चूक सापडल्यावर दिसलं. जुन्या फांद्यांवरूनच पारंब्या सुटतात का, हे बघायला ती पुन्हा बाहेर गेली. रोज ज्या झाडाखाली सायकली लावतात, त्याच्याकडे त्यांनी तेव्हा पहिल्यांदा मान वर करून पाहिलं.

कापूसही आहे त्या ग्रंथात. भारतात लोकर धरणारी झाडं सपाट जमिनीत ओळीने लावतात आणि लांबून ती द्राक्षाच्या मळ्यासारखी दिसतात, असं लिहिलं आहे. भातही आहे, बराच काळ पाण्यात उभा राहणारा. यवतमाळच्या किंवा जळगावच्या मुलीला हे पान वाचायला द्या आणि तिला विचारा की या ग्रीक आजोबांचं कुठे चुकलं. कोकणातल्या मुलाला भाताचं द्या. आपली मुलं ग्रीक तत्त्वज्ञाला दुरुस्त करू शकतात, असं पुस्तक काढायला तुम्हाला कोणी अडवलं आहे?

एक पुस्तक मात्र माझ्या मते थेट मुलांसाठीच आहे, फक्त ते मुलांना कुणी दिलेलं नाही. त्याचं नाव 'प्रॉब्लेमाटा'. ॲरिस्टॉटलच्या नावावर आहे, पण त्याच्या परंपरेतल्या अनेकांनी बऱ्याच काळात भर घालत नेलेलं. ३८ भाग आणि जवळपास नऊशे प्रश्न. प्रश्न कसे, तर कांद्यानेच डोळ्यांची एवढी आग का होते? दुसऱ्याला जांभई देताना पाहिलं की आपल्यालाही का येते? काही माणसांना वाचायला घेतलं की मनात नसताना झोप येते, आणि काहींना झोपायचं असलं तरी पुस्तक हातात घेतल्यावर झोप उडते, असं का? हा शेवटचा प्रश्न तेवीसशे वर्षांपूर्वीच्या परंपरेतला आहे हे पालकांना सांगितलं तर तेही जरा शांत होतील.

आम्ही घेतला तो प्रश्न असा : स्वतःला स्वतःच्या हाताने गुदगुल्या का होत नाहीत? पहिली दहा मिनिटं नुसता धुमाकूळ झाला. मग त्यांनीच शिस्त लावली. एकाने डोळे मिटायचे, दुसऱ्याने कधी हात लावायचा ते सांगायचं नाही. मग सांगून लावायचा. मग डोळे मिटलेल्याचाच हात धरून त्याच्याच पोटाला लावायचा. एकीने फळ्यावर खुणा केल्या. शेवटी बहुतेकांचं मत पडलं की आधी कळलं की गंमत जाते. तेव्हा मी पुस्तकातलं उत्तर वाचलं. त्याचा आशय असा की दुसऱ्याने केलेल्या गुदगुल्याही आधी माहीत असल्या तर कमी होतात, मग स्वतः करताना तर सगळंच माहीत असतं, म्हणून तर नसेल?

त्यातला तो 'म्हणून तर नसेल' माझा नाही. त्या पुस्तकातली उत्तरं अशीच आहेत, प्रश्नाच्या रूपात. कधी एका प्रश्नाला दोन-तीन उत्तरं एकामागून एक : यामुळे असेल का, की त्यामुळे? निकाल देऊन मोकळं व्हायची घाई नाही. वेगवेगळ्या माणसांची मतं शेजारी शेजारी ठेवली असावीत, असं वाचताना वाटतं. आमच्यातली जी मुलं उत्तर चुकेल म्हणून तोंड उघडत नाहीत, त्यांना ही पद्धत फार मानवली. 'असेल का' म्हटलं की चुकण्याची भीती निम्मी होते. तुम्ही प्रश्नमंजूषेची पुस्तकं काढता, पाठीमागे उलटी छापलेली उत्तरं असतात. नऊशेपैकी पन्नास प्रश्न निवडा आणि एकदा उत्तराच्या पानाशिवाय पुस्तक काढून बघा.

आता जे झाकू नये असं वाटतं ते.

या शाळेत मुली नव्हत्या. आमच्या गटात हा प्रश्न पहिल्याच रविवारी आला आणि मी सरळ 'नव्हत्या' असं सांगितलं. काही माणसं जन्मानेच गुलाम व्हायच्या लायकीची असतात, असं ॲरिस्टॉटलने लिहून ठेवलं आहे. बायकांना पुरुषांपेक्षा दात कमी असतात, असंही लिहिलं आहे. लग्न झालेला माणूस, घरात मोजून बघता आले असते. (आम्ही गटातले दात मोजायला गेलो, पण पाचवी-सहावीचे अर्धे दात पडलेले, त्यामुळे आमचेही आकडे निरुपयोगी.) वाम मासा चिखलातून जन्मतो असं त्याला वाटत होतं, कारण कापलेल्या एकाही वामेत त्याला अंडी सापडली नव्हती. या चुका काढून टाकून गुळगुळीत महापुरुष देऊ नका. कोणती चूक न पाहिल्यामुळे झाली, कोणती पाहूनही झाली आणि कोणती आपल्या सोयीची म्हणून झाली, हे दहा वर्षांच्या मुलांना छान वेगळं करता येतं. वामेची चूक त्यांनी माफ केली. दातांची हसण्यावारी नेली. गुलामांची नाही केली.

मुलींचं उत्तर ऐकून जी मुलं हिरमुसली, त्यांच्यासाठी एपिक्युरस या दुसऱ्या तत्त्वज्ञाची गोष्ट ठेवा. इ.स.पू. ३०६ च्या सुमारास त्याने अथेन्समध्ये बाग घेतली आणि तिथे मित्रांबरोबर राहून तो शिकवू लागला. त्या बागेत बायका होत्या, गुलामही होते. लिऑन्टिऑन नावाच्या बाईने थिओफ्रास्टसलाच खोडून काढणारं पुस्तक लिहिलं, याचा पुढे सिसेरो या रोमन लेखकाला फार राग आला. मिस नावाचा गुलाम तत्त्वज्ञानाच्या अभ्यासात सोबत होता आणि एपिक्युरसने मृत्युपत्रात त्याला मुक्त केलं. या गोतावळ्यातून एका लहान मुलाला लिहिलेल्या पत्राचा तुकडाही मिळाला आहे. इ.स. ७९ च्या ज्वालामुखीत जळून कोळसा झालेल्या गुंडाळ्यांत तो होता. आम्ही लॅम्प्सकसला सुखरूप पोचलो, सोबत अमुक अमुक आहेत, इथले मित्रही बरे आहेत, तू आणि आईही बरी असशील, बाबांचं ऐकत जा. बाबांचं ऐकण्यावर जरा जास्तच जोर आहे, पण प्रवासातून मुलाला खुशाली कळवणारे तत्त्वज्ञ मला तुमच्या पुस्तकांत कुठेच भेटले नाहीत.

ॲरिस्टॉटल इ.स.पू. ३२२ मध्ये गेला. आपली चाकरी केलेल्या कोणाही मुलाला विकायचं नाही, मोठी झाल्यावर लायकीप्रमाणे त्यांना मुक्त करायचं, असं त्याच्या मृत्युपत्रात आहे. गुलामगिरीबद्दल त्याने लिहिलं ते आणि हे, दोन्ही शेजारी छापा. त्याच्यामागे पस्तीसेक वर्षं शाळा थिओफ्रास्टसने चालवली. तोही परकाच, पण डेमेट्रियस या वजनदार शिष्याच्या मदतीने त्याला अखेर स्वतःची बाग मिळाली.

थिओफ्रास्टसचं मृत्युपत्र डायोजेनिस लेर्शियसने पूर्ण उतरवून घेतलं आहे. हातात असेल ते बाजूला ठेवा आणि एकदा वाचा. बाग, तिच्यातली फिरायची वाट आणि लगतची घरं तो दहा मित्रांना नावं घेऊन देतो, ज्यांना तिथे एकत्र अभ्यास करायचा असेल त्यांच्यासाठी. अट अशी की कोणी ती विकायची नाही, कोणी एकट्याने बळकावायची नाही, देवळासारखी सगळ्यांची म्हणून राखायची आणि गोडीगुलाबीने राहायचं. मॅनेस आणि कॅलियस या दोन गुलामांनी बागेत चार वर्षं नीट काम केलं की ते मोकळे. पृथ्वीचे नकाशे असलेल्या फळ्या खालच्या ओवरीत पुन्हा लावायच्या. आणि मग एक छोटं कलम. मेट्रोडोरस आणि पिथियास यांचा मुलगा ॲरिस्टॉटल याला शिकायचं असेल तर त्यालाही या मंडळीत घ्यावं, आणि जे सगळ्यांत वडील आहेत त्यांनी त्याच्याकडे नीट लक्ष द्यावं, म्हणजे तो अभ्यासात पुढे जाईल.

पिथियास ही ॲरिस्टॉटलची मुलगी. हा नातू, आजोबांचं नाव लावणारा. आपल्याकडे ठेवतात तसंच. तुमच्या पुस्तकाचा नायक हाच का असू नये? आजोबा इतके प्रसिद्ध की त्यांच्या नावाचं ओझं, भोवती दहा काका, भिंतीवर नकाशे, बागेत कुदळ मारणारा मॅनेस, आणि अजून दाढी न फुटलेला एक ॲरिस्टॉटल, ज्याला अजून काहीच माहीत नाही.

तर मागणी अशी. पुढचं पुस्तक काढाल तेव्हा ते दोघा-तिघांनी मिळून वाचायचं काढा. मोठी पानं, मोठा टाइप, म्हणजे तीन डोकी एकावर एक वाकली तरी दिसेल. मुखपृष्ठावर खाडी असू द्या, जाळं असू द्या, टोपलीत डोकावणारे दोन मित्र असू द्या आणि त्यांना काहीतरी ठणकावून सांगणारा कोळी असू द्या. थिओफ्रास्टसचं नाव ठळक छापा. 'जनक' हा शब्द निदान पहिल्या आवृत्तीत तरी वापरू नका.

मजकूर तयार झाला की छापण्याआधी आमच्याकडे पाठवा. मुलं वाचतील आणि चुका काढतील, अगदी निर्दयपणे. मानधन वगैरे काही नको. वाचनालयाला दोन प्रती द्याव्यात, आणि शक्यतो शिवलेल्या बांधणीच्या. पिनांच्या पुस्तकाची पानं आमच्याकडे महिन्याभरात सुटी होतात.

कळावे, लोभ असावा.

आपली,
रविवारच्या वाचनगटातली ताई